सभा कुठली, बोलायचं कुठं, लिहून काय घ्यायचं? सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

हद्दवाढ भागातल्या एका सोसायटीचं सेक्रेटरीपद गळ्यात पडलं आणि नळ, गटार, पथदिवे, घरपट्टी या चार गोष्टींपायी सभा नावाच्या प्रकाराशी माझी ओळख झाली. शेत गावाकडं असल्यानं ग्रामसभाही चुकली नाही. आता ओळखीपाळखीचे लोक फोन करून विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

महापालिकेची सर्वसाधारण सभा आम्हाला बघता येते का?

येते. कायद्यानं ती सभा लोकांसाठी खुली आहे. हजर नगरसेवकांनी बहुमतानं ठरवलं तरच दारं बंद होतात. महिन्यातून किमान एक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि तीही वीस तारखेच्या आत. विषयपत्रिका नगरसचिवांच्या कार्यालयातून निघते. ती आधी मिळवा, नाहीतर नुसता आवाज ऐकू येतो आणि कुठल्या विषयावर चाललंय ते कळत नाही.

महापालिकेच्या आवारात शिरताना इंद्रभुवन या जुन्या इमारतीकडं एकदा मान वर करून बघा. मल्लप्पा वारद यांनी बांधलेली ही वास्तू आपण रोज बघतो आणि कधीच बघत नाही. इथल्या नगरपालिकेनं १९३० मध्ये, इंग्रज असताना, तिरंगा फडकवला होता. त्याच वर्षी शहरात मार्शल लॉ लागला. घरपट्टीच्या रांगेत उभं राहून हे आठवत नाही, हे खरं.

गॅलरीत बसलो तर प्रश्न विचारता येतो का?

नाही. तिथं फक्त ऐकायचं. उठून बोललात तर शिपाई येतो. तुमचा प्रश्न नगरसेवकाच्या तोंडून जातो. म्हणून सभेच्या आधी आठ दिवस त्यांच्याकडं एक पानाचा कागद द्या. त्यात रस्ता कुठून कुठपर्यंत, किती दिवसांपासून, आधी कुठं अर्ज दिला आणि आवक क्रमांक काय, एवढंच. लांबलचक निवेदन नगरसेवक वाचत नाही. सभागृहात उभं राहिल्यावर त्याला एका नजरेत सापडेल असं लिहा.

मधली चार वर्षं सभाच होत नव्हती ना?

हो. २०१७ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक लांबत गेली. त्या काळात आयुक्तच प्रशासक होते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे असे दोन्ही अधिकार त्यांच्याकडंच. म्हणजे प्रस्ताव मांडणारे तेच आणि मंजूर करणारेही तेच. पुढं १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. या मधल्या काळातला एखादा निर्णय शोधायचा असेल तर सभेच्या इतिवृत्तात सापडणार नाही. ‘प्रशासकीय ठराव’ म्हणून मागा. लोक इथं चुकतात आणि ‘अशी सभाच झाली नाही’ असं उत्तर घेऊन परत येतात.

आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. काम सांगायचं कुणाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. एकूण १०२ नगरसेवक आणि २६ प्रभाग. २४ प्रभागांत चौघं, दोन प्रभागांत तिघं. कायद्यानं चौघंही अख्ख्या प्रभागाचे. व्यवहारात मात्र त्यांनी आपापसात गल्ल्या वाटून घेतलेल्या असतात, आणि दोन हद्दींच्या मधली गल्ली कुणाचीच नसते. तुम्ही त्या गल्लीत राहत असाल तर चौघांनाही एकच अर्ज द्या. वर चौघांची नावं लिहा आणि चौघांचीही पोहोच घ्या. प्रत्येकाला कळू द्या की बाकीच्या तिघांकडंही हाच कागद आहे. ‘ते माझ्याकडं येत नाही’ हे वाक्य मग जरा कमी ऐकू येतं.

महापौर मोठे की आयुक्त?

मान महापौरांचा, सही आयुक्तांची. महापौर अडीच वर्षांसाठी असतात, ते सभा चालवतात. ठरावाची अंमलबजावणी, कर्मचारी, बिलं, कारवाई हे सगळं आयुक्तांकडं. खड्डा बुजवायचा असेल तर महापौरांच्या केबिनबाहेर दिवस घालवण्यापेक्षा आधी विभागीय कार्यालय गाठा. शहरात अशी आठ कार्यालयं आहेत आणि आपलं कुठलं ते घरपट्टीच्या बिलावर छापलेलं असतं.

स्थायी समितीचं एवढं काय महत्त्व?

पैसे तिथून जातात. सोळा सदस्य असतात, त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. ठराविक रकमेच्या वरची टेंडरं आणि आयुक्तांचं अंदाजपत्रक आधी या समितीपुढं येतं, मग सर्वसाधारण सभेत. अंदाजपत्रकावर भाषणं मोठ्या सभेत होतात, पण आकडे बहुतेक इथंच हललेले असतात. तुमच्या भागातलं काम यंदाच्या अंदाजपत्रकात हवं असेल तर मार्चमध्ये धावपळ करून उपयोग नाही. दिवाळी झाली की अर्ज द्यायचा.

पाण्याचं विचारायला कुठल्या सभेला जायचं?

इथं जरा थांबून सांगतो, कारण निम्मा राग चुकीच्या दारात ओतला जातो.

शहराला पाणी तीन ठिकाणांहून येतं. उजनी धरणातून थेट जलवाहिनीनं, भीमा नदीवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या एकरूख तलावातून. यातल्या टाकळीचं गणित वेगळं आहे. तिथल्या बंधाऱ्यात पाणी राहावं म्हणून उन्हाळ्यात उजनीतून नदीत पाणी सोडावं लागतं. ते कधी आणि किती सोडायचं हे महापालिकेची सभा ठरवत नाही. धरण जलसंपदा विभागाचं आणि पाणीवाटपाचा विषय कालवा सल्लागार समितीत. महापालिका फक्त मागणी करू शकते. त्यामुळं ‘नदीत पाणी का सोडत नाही’ असं नगरसेवकाला विचारलं तर तो हात वर करतो, आणि त्या एका बाबतीत तो खोटं बोलत नसतो.

उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ अशी बातमी आली की घराघरांत बॅरल भरायला सुरुवात होते. मायनस म्हणजे वापराचा साठा संपून मृतसाठ्याला हात लागला, धरण कोरडं नव्हे. सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या या धरणात ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा आहे, आणि पिण्याचं पाणी त्यातूनही उचलता येतं. फक्त पातळी खाली गेली की उचलण्याची सोय करावी लागते, दुबार पंपिंग वगैरे.

आता महापालिकेच्या सभेत विचारायचं ते वेगळंच आहे. उजनीपासून ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी टाकली गेली, दिवसाला १७० दशलक्ष लिटर क्षमतेची. पण पाणी शहराच्या वेशीपर्यंत आलं म्हणजे तुमच्या नळाला आलं असं नाही. मधे टाक्या आहेत, जुन्या वितरणवाहिन्या आहेत आणि गल्लीगल्लीचा व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला आहे. आपल्या गल्लीत चार दिवसांआड पाणी येत असेल तर प्रश्न असा करा: ‘आमच्या भागाला कुठल्या टाकीवरून पाणी येतं, ती टाकी किती वेळात भरते आणि आमच्या चावीला किती वेळ मिळतो?’ या तिन्हींची उत्तरं कार्यालयात असतात. ‘पाणी कधी येणार बोला की’ या प्रश्नाचं उत्तर मात्र कायम ‘येईल’ एवढंच असतं.

सभेत वापरतात ते शब्द कळत नाहीत. दफ्तरी दाखल म्हणजे पुरलं का?

जवळजवळ. कामापुरते शब्द सांगतो.

‘दफ्तरी दाखल’ म्हणजे विषय फाइलला लावला, त्यावर काही करायचं नाही. ‘फेरसादर’ म्हणजे प्रशासनानं माहिती पुरी करून परत आणावा. हे वाईट नाही, पण परत आणला का ते बघत राहावं लागतं. ‘तहकूब’ म्हणजे पुढं ढकलला, आणि अख्खी सभाही तहकूब होते. कुणाचं निधन झालं की श्रद्धांजली वाहून सभा तहकूब करण्याची पद्धत आहे. त्या दिवशी घरून निघाला असाल तर आल्या पावली परत. ‘उपसूचना’ म्हणजे मूळ प्रस्तावाला जोडलेली दुरुस्ती. हिच्यावर डोळा ठेवा. प्रस्ताव एका रस्त्याचा असतो आणि उपसूचनेसह मंजूर होताना त्यात आणखी तीन रस्ते बसलेले असतात. ‘विखंडित’ म्हणजे सभेनं केलेला ठराव राज्य शासनानं रद्द केला. कलम ४५१ खाली तसा अधिकार शासनाला आहे.

आणि ‘आयत्या वेळचे विषय’. विषयपत्रिकेच्या शेवटी एक ओळ असते: ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’. लोक तोवर उठून चहाला गेलेले असतात. मी कधीच उठत नाही.

चौकाला नाव देण्याचा विषय निघाला की सभागृह जसं भरतं, तसं ते ड्रेनेजच्या विषयाला भरलेलं मी पाहिलेलं नाही. हे माझं मत, कायद्यात नाही.

हद्दवाढ भागात राहतो. टॅक्स शहराचा आणि रस्ता गावाचा, असं का?

१९९२ मध्ये आजूबाजूची गावं हद्दीत घेतली आणि शहर ३३ चौरस किलोमीटरवरून जवळजवळ १७९ चौरस किलोमीटरवर गेलं. पाचपटीहून जास्त. ड्रेनेज, पाण्याच्या लाइनी त्या वेगानं पसरल्या नाहीत. त्यात शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेले प्लॉट. गुंठेवारीचं नियमितीकरण झालेलं नसेल तर बांधकाम परवान्यापासून कर्जापर्यंत सगळं अडतं. हा विषय सभेत सुटत नाही. प्रत्येकाला आपापली फाइल करावी लागते. पण ले-आउटमधला रस्ता कागदावर महापालिकेच्या ताब्यात आहे का, हे आधी तपासा. ताब्यात नसेल तर ‘खासगी रस्ता’ म्हणून काम परत येतं, मग नगरसेवक कितीही जवळचा असो.

मूळ गाव मोहोळ तालुक्यात, राहायला सोलापुरात. ग्रामसभेत बोलता येईल का?

तुमचं नाव कुठल्या मतदारयादीत आहे, त्यावर आहे. गावच्या यादीत असेल तर तुम्ही ग्रामसभेचे सदस्य. शहरात नाव नोंदवलं असेल तर घर, शेत, नमुना ८ चा उतारा सगळं गावचं असूनही तुम्ही तिथं पाहुणे.

ग्रामसभा वर्षातून किती? आणि कोरम?

किमान चार. गणपूर्ती एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर जण, यात जो आकडा कमी तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि त्या तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. खोच इथंच आहे. पहिल्या सभेला गाव येत नाही, तहकूब सभेला वीस जण येतात आणि त्या वीस जणांनी घेतलेला निर्णय गावाचा ठरतो. न येणाऱ्यांनी मग पारावर बसून नावं ठेवायची.

ग्रामसभेत सगळं बोलून झालं, सगळे हो म्हणाले, तरी काम होत नाही. का?

कारण बहुधा ते लिहिलंच गेलेलं नसतं. एक प्रसंग सांगतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं एक गाव, नाव राहू द्या.

स्मशानभूमीकडं जाणारा रस्ता काळ्या मातीतून होता. पावसाळ्यात तिरडी खांद्यावर घेतलेल्या माणसाचा पाय चिखलात गुडघ्यापर्यंत जायचा. ग्रामसभेत विषय निघाला. पाऊण तास आवाज चढले, शेवटी सरपंचांसकट सगळे म्हणाले, करू. सहा महिने गेले, काहीच नाही. पुढची ग्रामसभा मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात भरली. पहिला विषय नेहमीचा, ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. मागून कुणीतरी सवयीनं म्हणालं, ‘कायम करा, कायम करा’. तेवढ्यात पोस्टातून रिटायर झालेले एक आजोबा उठले. ‘कायम नंतर. आधी वाचा ते.’

प्रोसिडिंग वाचलं गेलं. त्या पाऊण तासाच्या भांडणाची नोंद एवढीच होती: ‘स्मशानभूमी रस्त्याबाबत चर्चा करण्यात आली.’

आजोबा म्हणाले, ‘चर्चा तर आम्ही पारावर पण करतो. ठरलं काय ते लिवा.’ मग त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं आणि लिहून घेतलं: ‘गावठाणापासून स्मशानभूमीपर्यंतचा रस्ता पुढील विकास आराखड्यात पहिल्या क्रमांकावर घेण्यात यावा, असे सर्वानुमते ठरले.’ खाली सूचकाचं नाव, अनुमोदकाचं नाव. लिहून झाल्यावर परत वाचायला लावलं.

रस्ता लगेच झाला नाही. पण आराखडा तयार होताना तो ठराव दाखवून विचारता आलं, आणि पहिल्या क्रमांकावर दुसरं काही घालायचं तर का, ते सांगायची पाळी पंचायतीवर आली. ‘चर्चा झाली’ या दोन शब्दांवर कुणाला काय विचारणार?

अजून एक. सह्यांचं रजिस्टर सभा सुरू होतानाच फिरतं. सही करताना बघा की वर तारीख आणि सभेचं नाव लिहिलेलं आहे. कोऱ्या पानावर सही करू नका. तुमची सही हजेरीची असते, पण पान कोरं असेल तर ती उद्या कशाला जोडली जाईल सांगता येत नाही.

ग्रामपंचायतीकडं पैसाच नाही म्हणतात. खरं का?

कधी खरं, कधी हिशेब सांगायचा नसतो म्हणून. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी घ्या. त्यातला साठ टक्के भाग पाणी आणि स्वच्छता याच कामांना बांधलेला होता, उरलेला चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणं. म्हणजे सभागृहाच्या फरशीसाठी पैसे नाहीत हे खरं असू शकतं आणि त्याच वेळी गटारीसाठी आहेत हेही खरं. ‘कुठल्या निधीतून’ हा शब्द प्रश्नात घाला. घरपट्टी किती थकली आहे हेही विचारा. मात्र आधी स्वतःची पावती खिशात ठेवा, कारण पहिला उलटा प्रश्न तोच येतो.

ग्रामसभा घेतच नाहीत.

गटविकास अधिकाऱ्यांकडं लेखी तक्रार करा. सरपंचानं पुरेसं कारण नसताना सभा घेतल्या नाहीत तर अपात्र ठरवण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्याच्या कलम ७ मध्येच आहे. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा.

महिला सभेला खरंच काही होतं का?

नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती अंगणवाडीत दहा मिनिटांत उरकतात, फोटो काढतात. पण तिथून निघालेली गोष्ट गाजलेलीही आहे. गावातलं दारू दुकान बंद करायचं असेल तर पंचवीस टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी करायची, मग गुप्त मतदान होतं. आडवी बाटली आणि उभी बाटली. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद. इथं एक गोम आहे. आकडा मतदानाला आलेल्यांचा नाही, एकूण महिला मतदारांचा धरतात. म्हणून प्रचारापेक्षा त्या दिवशी मजुरी बुडवून बायका येतील का, हीच खरी लढाई असते.

आमसभा म्हणजे ग्रामसभाच का?

नाही. आमसभा पंचायत समितीची, तालुक्याची, वर्षातून एकदा. आमदार अध्यक्षस्थानी आणि सगळ्या खात्यांचे अधिकारी समोर. महावितरण, बांधकाम, एसटी, भूमी अभिलेख, सगळे एका मांडवात सापडण्याचा हा एकच दिवस. रोहित्र जळून महिना झाला असेल तर इथं बोला. ग्रामसेवकावर ओरडून रोहित्र येत नाही.

लोकशाही दिनाला गेलं तर लगेच काम होतं म्हणतात?

लगेच नाही, पण तारीख पडते. तक्रारी ऐकण्याचा हा दिवस तालुक्याला दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत पहिल्या सोमवारी. नुसतं जाऊन चालत नाही. विहित नमुन्यात अर्ज पंधरा दिवस आधी द्यायचा. कोर्टात असलेलं प्रकरण, नोकरीविषयक तक्रार आणि आधी कुठंच अर्ज न केलेला विषय घेत नाहीत. म्हणून म्हणतो, पहिला साधा अर्जसुद्धा आवक करूनच द्या. शिडीची पहिली पायरी तीच.

आजीला मराठी नीट येत नाही, तेलुगू बोलते. तिची तक्रार कशी द्यायची?

पूर्व भागात हा प्रश्न घरोघरी. इकडं बाळीवेसकडं आलात तर हाच प्रश्न कानडीत. कार्यालयात बोलताना अडत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाला बहुतेक तिन्ही भाषा येतात, रागावताना तर हमखास. पण अर्ज मराठीतच द्या. नातवंडाकडून लिहून घ्या, खाली आजीची सही किंवा अंगठा आणि लिहिणाऱ्याचं नाव. अर्ज आजीच्याच नावानं द्या, कारण नळाचं कनेक्शन तिच्या नावावर आहे.

ठरावाची प्रत मागितली तर देत नाहीत.

माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी, दीडशे शब्दांच्या आत, एका अर्जात एकच विषय. उत्तराला तीस दिवस. ‘आमच्या रस्त्याची सर्व माहिती द्यावी’ असं लिहाल तर तुम्हालाच बोलावतील, फाइली बघून घ्या म्हणतील. त्यापेक्षा सभेची तारीख, विषय क्रमांक आणि ‘मंजूर ठरावाची साक्षांकित प्रत’ एवढंच. प्रत पानाला दोन रुपये.

सभेला जाताना बरोबर काय न्यायचं?

अर्जाच्या दोन प्रती, एक द्यायला आणि एकीवर पोहोचेचा शिक्का घ्यायला. मागच्या अर्जाची झेरॉक्स. घरपट्टीची पावती. चालणारं पेन, कारण तिथं कुणाकडंच नसतं. पाण्याची बाटली. आणि सभेची वेळ अकराची दिली असेल तरी जेवून जा.